खुर्चीत बसायला शिक

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. घोटा पूर्वीसारखा साथ देत नाही, डोक्यात मात्र सतत रचना घोळत असतात, तर बॅले नाचणं सोडून नृत्यदिग्दर्शनाकडे वळू का, असं विचारलंयस. सोडायची घाई नको. क्रिस्टोफर व्हीलडन 2000 मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले या नृत्यसंस्थेत नाचायचा थांबला आणि पुढच्याच वर्षी तिथला निवासी नृत्यदिग्दर्शक झाला, हे खरं. पण त्याआधी काही वर्षं तो नाचता नाचताच रचना करत होता. जस्टिन पेकला 2014 मध्ये तेच पद मिळालं, तेव्हा तोही तिथे सोलोइस्ट, म्हणजे एकल भाग करणारा नर्तक, म्हणून नाचत होता. केनेथ मॅकमिलनची गोष्ट वेगळी. त्याला प्रेक्षकांसमोर जायचीच धास्ती बसली होती; 1953 मध्ये त्याने पहिली रचना केली आणि हळूहळू नाचणं सुटलं. तुला भीती स्टेजची नाही, घोट्याची आहे.

माझी खरी पंचाईत नाचणं थांबल्यावर झाली. पहिल्या तालमींत मी सगळं करूनच दाखवायचे. आठ काउंटचा एक तुकडा होता, शेवटी दुहेरी पिरुएत, म्हणजे एका पायावरची गिरकी, उजवीकडे. समोरची मुलगी डावीकडे फिरणारी. ती दर वेळी डळमळायची आणि मी दर वेळी उठून पुन्हा करून दाखवायचे, जणू तिने पाहिलंच नव्हतं. तीन दिवस यात गेले. चौथ्या दिवशी माझी पाठ धरली म्हणून खुर्चीत बसले, तेव्हा कुठे दिसलं: फिरण्याआधी ती डावा खांदा किंचित मागे नेत होती, आणि तेवढी हालचाल माझ्या अख्ख्या तुकड्याहून देखणी होती. पिरुएत काढून टाकलं, खांदा ठेवला. त्या रचनेतलं लोकांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच.

चांगलं नाचता येणं हीच इथली अडचण. हातापायांना वळणं पडलेली असतात आणि आपण त्यांनाच कल्पना समजून बसतो. म्हणून पहिल्या रचनेत स्वतः नाचू नकोस. आरशावर पडदा ओढ. शेवटच्या रांगेत जाऊन बस. तिथून पावलं फारशी दिसत नाहीत, माणसांमधलं अंतर दिसतं. संगीत इतकं ऐक, की काउंट न मोजताही पुढचं वळण कळेल. आणि त्याच्या हक्कांची चौकशी आधी कर. सगळं बसवून झाल्यावर परवानगी नाकारली जाते तेव्हा काय होतं, ते मी सोसलंय.

नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिनने 1934 मध्ये विद्यार्थिनींना घेऊन ‘सेरेनेड’ हा बॅले बसवला. पहिल्या संध्याकाळी 17 मुली हजर होत्या, म्हणून सुरुवातीची मांडणी 17 जणींची. कुणी उशिरा आली, कुणी पडून रडायला लागली. तेही त्याने रचनेत घेतलं. तुला सहा जण मिळतील आणि त्यातले दोघे तालमीला दांडी मारतील. चौघांचीच रचना कर.

तीन मिनिटांचंच बसव. उठून करून दाखवावंसं वाटलं, की हात मांड्यांखाली दाबून ठेव. हसू नकोस, मी ठेवायचे. महिन्याभराने लिही. कसं छान झालं ते नको. कोण उशिरा आलं आणि त्याचं तू काय केलंस, ते सविस्तर कळव. आणि घोटा डॉक्टरांना दाखव, मला विचारून काय उपयोग?