मीटर बॉक्स खरेच तोट्यात आहे का?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचे पत्राकामाचे छोटे युनिट आहे. महिन्याला ८,००० मीटर बॉक्स आणि गिऱ्हाइकांच्या ड्रॉइंगप्रमाणे कंट्रोल पॅनेलच्या ४०० पेट्या आम्ही करतो. कच्चा माल आणि थेट मजुरी मिळून मीटर बॉक्सला ४१० रुपये आणि पॅनेलला १,९०० रुपये लागतात. महिन्याचे ओव्हरहेड, म्हणजे थेट एखाद्या नगावर न पडणारा कारखान्याचा सामाईक खर्च, ६,००,००० रुपये असून ते आम्ही मजुरीच्या तासांवर वाटतो. मीटर बॉक्सला अर्धा तास व पॅनेलला अडीच तास लागत असल्याने तासाला १२० रुपये दर पडतो, म्हणजे मीटर बॉक्सवर ६० आणि पॅनेलवर ३०० रुपये येतात. विक्रीचे भाव अनुक्रमे ४५५ आणि २,४५० रुपये आहेत. या हिशेबाने मीटर बॉक्स नगामागे १५ रुपये तोट्यात आणि पॅनेल २५० रुपये नफ्यात दिसते, तरी एकूण महिन्याला २०,००० रुपयांची तूटच राहते. मीटर बॉक्स बंद करून पॅनेल वाढवावे, असे माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे आहे. आमच्या कॉस्ट अकाउंटंटनी मात्र आधी ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग करून पाहण्यास सांगितले. त्या पद्धतीने नगामागचे ओव्हरहेड कसे काढावे? खर्चाची फोड आणि रजिस्टरातील नोंदी सोबत पाठवत आहे. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मीटर बॉक्स बंद करण्याचा निर्णय तूर्त थांबवावा, ही पहिली विनंती. आपण नोंदी इतक्या नीट ठेवल्या आहेत की उत्तर त्यांच्यातूनच निघते.

मजुरीच्या तासांवर ओव्हरहेड वाटण्याची रीत ज्या काळात रुजली, त्या काळी कारखान्याच्या खर्चात मजुरीचा वाटा मोठा होता आणि देखरेख, तपासणी, खरेदी यांवरचा खर्च त्या मानाने थोडा होता. पुढे यंत्रे वाढली, मालाचे प्रकार वाढले आणि हे प्रमाण पालटले. १९८० च्या दशकात हार्वर्डमधील रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी नेमके यावर बोट ठेवले की, खर्च नगांच्या संख्येपेक्षा कारखान्यात कराव्या लागणाऱ्या कामांमुळे उद्भवतो, म्हणून तो आधी कामांवर टाकावा आणि जो माल ते काम जितक्या वेळा करायला लावतो, तितका त्या मालावर आणावा. हीच ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग.

आपल्या फोडीत चार कामे आहेत. मशीन चालवण्याचा खर्च २,४०,००० रुपये आहे. मीटर बॉक्सचे १,६०० आणि पॅनेलचे ४०० असे २,००० मशीनतास झाल्याने तासाला १२० रुपये दर येतो. मीटर बॉक्सला १२ मिनिटे लागतात म्हणून त्याच्यावर २४ रुपये आणि तासभर चालणाऱ्या पॅनेलवर १२० रुपये बसतात. इथवर दोन्ही हिशेबांत फारसा फरक नाही. फरक पडतो तो सेटिंगमध्ये, म्हणजे नव्या लॉटसाठी मशीन जुळवण्यात.

सेटिंगचा खर्च १,५०,००० रुपये आहे आणि महिन्यात ६० सेटिंग झाल्या, त्यांतल्या १० मीटर बॉक्सच्या व ५० पॅनेलच्या. म्हणजे एक सेटिंग २,५०० रुपयांना पडते. हिंगण्याच्याच एका शेडमध्ये मी एकदा दिवसभर वही घेऊन पत्रा वाकवणाऱ्या मशीनजवळ, म्हणजे प्रेस ब्रेकजवळ, बसलो होतो. फिटर आधीची डाय (साचा) सोडवतो, रॅकमधून दुसरी शोधून आणतो, बोल्ट आवळतो, स्टॉपर सरकवतो, मग एक तुकडा वाकवून त्याला वर्नियर लावून माप घेतो. माप अर्ध्या मिलिमीटरने चुकले, तर तो तुकडा भंगारात जातो आणि दुसरा घेतला जातो. हे सगळे होईपर्यंत मशीन, त्यावरचा कारागीर आणि पुढच्या वेल्डिंगचा माणूस खोळंबून असतात. या सेटिंगनंतर आठ पेट्या वाकवायच्या असोत की आठशे, फिटरचे कष्ट तेवढेच. आपले पॅनेल सरासरी आठ-आठच्या लॉटमध्ये निघते, म्हणून सेटिंगचे २,५०० रुपये आठ नगांवर पडून प्रत्येकी ३१२.५० रुपये होतात. मीटर बॉक्सचा लॉट ८०० नगांचा असल्याने तोच खर्च नगामागे जेमतेम ३.१३ रुपये होतो. मजुरीच्या तासांचा हिशेब हा फरक पाहूच शकत नाही.

उरलेली दोन कामे याच वळणाची आहेत. खरेदीवरचा ९०,००० रुपयांचा खर्च ९० पर्चेस ऑर्डरींवर वाटला, की एका ऑर्डरीला १,००० रुपये येतात. त्यांतल्या ३० मीटर बॉक्सच्या व ६० पॅनेलच्या असल्याने नगामागे अनुक्रमे ३.७५ आणि १५० रुपये होतात. तपासणी आणि ड्रॉइंगमधील बदलांचे १,२०,००० रुपये २४० तासांवर, म्हणजे तासाला ५०० रुपयांनी पडतात. मीटर बॉक्सला ६० आणि पॅनेलला १८० तास गेल्याने नगामागे ३.७५ आणि २२५ रुपये येतात.

बेरीज केली, तर मीटर बॉक्सवर ६० ऐवजी सुमारे ३४.६३ रुपये आणि पॅनेलवर ३०० ऐवजी ८०७.५० रुपये ओव्हरहेड बसते. मीटर बॉक्स नगामागे दहा रुपयांच्या थोडा वर कमावतो आणि पॅनेल २५७.५० रुपये गमावते. ताळा म्हणून पाहा : मीटर बॉक्सचा ८३,००० रुपये नफा आणि पॅनेलचा १,०३,००० रुपये तोटा मिळून तूट २०,००० रुपयेच राहते. पद्धत बदलल्याने खिशातला एकही रुपया बदललेला नाही. तूट कोणत्या दाराने बाहेर जाते आहे, तेवढे कळले.

तरीही लगेच उलट टोक गाठून पॅनेल बंद करू नये. प्रत्येक पेटी माल आणि मजुरी भागवून ५५० रुपये मागे ठेवते, म्हणजे महिन्याला २,२०,००० रुपये. पॅनेल थांबवले, तर हे लगोलग जातील. पॅनेलच्या नावे पडलेल्या ३,२३,००० रुपयांतील फिटरचा पगार आणि मशीनचा घसारा मात्र पुढच्या महिन्यातही द्यावाच लागेल. बंद करण्याचा विचार तेव्हाच रास्त ठरेल, जेव्हा त्यातून खरोखर वाचणारा खर्च २,२०,००० रुपयांहून अधिक असेल.

त्याआधी गिऱ्हाइकांशी बोलणे माझ्या मते अधिक हिताचे आहे. कोटेशनमध्ये सेटिंगचा खर्च वेगळ्या ओळीत लॉटमागे दाखवावा. आठऐवजी वीस पेट्यांचा लॉट घेतल्यास तो नगामागे १२५ रुपयांवर येतो, हे कागदावर दिसले की बरेच गिऱ्हाईक दोन ऑर्डरी एकत्र करायला राजी होतात. सेटिंग घटल्यावर मोकळा झालेला फिटरचा वेळ दुसऱ्या कामाला लावला, तरच ही बचत वहीत उतरेल, हे भावालाही सांगावे.

दोन दुरुस्त्या सुचवतो. शेडचे भाडे आणि रखवालदाराचा पगार आपण मशीनच्या खर्चात मिळवलेले दिसतात. ते वेगळे काढावेत, कारण मशीन तासभर कमी चालले म्हणून भाडे घटत नाही आणि अशा खर्चाची नगावरची कोणतीही वाटणी मानीवच राहते. दुसरे असे, की दर झालेल्या कामावर न काढता होऊ शकणाऱ्या कामावर काढावा. कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये वेळेवर आधारलेली जी सोपी रीत मांडली, तिचा भर यावरच आहे. आपले फिटर महिन्याला सहज ७५ सेटिंग करू शकत असतील, तर दर २,००० रुपये धरावा आणि न वापरलेल्या १५ सेटिंगचे ३०,००० रुपये रिकाम्या क्षमतेचा खर्च म्हणून वेगळे दाखवावेत. तसे न केल्यास काम कमी असलेल्या महिन्यात भाव वाढवल्याने गिऱ्हाईक तुटते आणि पुढचा दर आणखी चढतो.

प्रश्न : आम्ही इतवारीत संत्रा बर्फी करतो. ओव्हरहेड दरमहा १,२०,००० रुपये आहे. डिसेंबरमध्ये ६,००० किलो माल निघाला, तेव्हा किलोला २० रुपये आले. जूनमध्ये १,५०० किलोच निघाल्याने ते ८० रुपयांवर गेले. जूनच्या बर्फीचा भाव आणि शिल्लक मालाची किंमत कोणत्या आकड्याने धरावी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : यांपैकी कोणताही आकडा धरू नये. आपले नेहमीचे वार्षिक उत्पादन ४८,००० किलो असेल, तर वर्षाचे १४,४०,००० रुपये त्यावर वाटून किलोला ३० रुपये धरावेत. शिल्लक मालाच्या मूल्यांकनाचे लेखामानक २ हेच सांगते : कारखान्याचा स्थिर खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटावा आणि उत्पादन घटले म्हणून नगावरचा बोजा वाढवू नये. जूनच्या १,५०० किलोवर ४५,००० रुपये चढवावेत. उरलेले ७५,००० रुपये बर्फीच्या किमतीत न मिळवता त्या काळाचा खर्च म्हणून लिहावेत. दुकानातील विक्रेत्याचा पगार आणि जाहिरात त्या १,२०,००० रुपयांत मिसळली असेल, तर शिल्लक मालाची किंमत काढताना ती आधी वगळावी, कारण विक्रीचा खर्च साठ्यात धरता येत नाही. भाव ठरवताना मात्र तो जरूर धरावा, आणि दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सचे पॅकिंग करणाऱ्या बायकांचे तास सुट्या बर्फीपासून वेगळे लिहून ठेवावेत.