पवनचक्कीची डिग्री की विजेची?

पाटण तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचं पत्र आलं आहे. त्यातला कामाचा भाग असा:

"मुलगी कराडला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघत ती मोठी झाली. आता म्हणते, युरोपात विंड एनर्जीत मास्टर्स करायचं आणि पवनचक्क्या बनवणाऱ्या कारखान्यातच नोकरी धरायची. पुण्यातल्या एका कन्सल्टंटने जर्मनीतलं खासगी विद्यापीठ सुचवलंय. खर्च तीस लाख, जर्मन भाषेची गरज नाही, नोकरीची हमी. कर्जाला जमीन तारण द्यावी लागेल. या धंद्याला भवितव्य आहे का? मुलीच्या जातीला टॉवरवर चढावं लागेल का? ता. क. पुतण्या आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, त्याचंही काही होईल का?"

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आधी सातबारा कपाटात परत ठेवा. परदेशातल्या नोकरीची हमी खरोखर देऊ शकेल असा माणूस मला आजवर भेटलेला नाही. अशा हमीवर विसंबून गोत्यात आलेली मुलं मात्र दरवर्षी माझ्यासमोर येऊन बसतात. त्यातला एक गेल्या दिवाळीत आला होता. अशाच एका कॉलेजातून डिग्री घेतली आणि वर्षभर गोदामात रात्रपाळीला खोकी भरली. मुलगा हुशार आहे, पण दोन वर्षं तिथे राहून त्याला जर्मनमध्ये दुकानात बोलण्यापुरतंच येत होतं.

आता मुख्य प्रश्न. धंद्याला भवितव्य आहे, पण ते तुमची लेक बघतेय तिथे, म्हणजे कारखान्यात, फारसं नाही. हे नीट सांगायला थोडं मागे जावं लागेल.

या धंद्याच्या मुळाशी तुमच्यासारखेच एक मास्तर आहेत. डेन्मार्कमधल्या आस्कोव गावच्या लोकशाळेत पॉल ला कूर शिकवायचे. १८९१ साली त्यांनी तिथे वीज करणारी पवनचक्की उभारली. वारा पडल्यावर काय करायचं, म्हणून त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून साठवला आणि शाळेचे दिवे त्यावर पेटवले. खेड्यातल्या पोरांसाठी वीजकामाचे वर्गही काढले. त्या वर्गात शिकलेल्या योहानेस यूलने १९५७ मध्ये गेडसरला तीन पात्यांचं, २०० किलोवॉटचं यंत्र उभं केलं आणि ते दहा वर्षं चाललं. तुमच्या पठारावर जे फिरतं ते त्याच्याच कुळातलं. पुढे १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर डॅनिश खेड्यांतले लोहार-सुतार या कामात उतरले. पवनचक्क्या बनवणारी वेस्टास ही मुळात लेम गावची लोहाराची भट्टी, आणि पाती बनवणारी एलएम आधी फर्निचर करायची.

तो हातकामाचा वारसा अजून टिकून आहे. सत्तर-ऐंशी मीटरच्या साच्यात काचतंतूचं कापड थरावर थर अंथरतात, मध्ये बाल्साच्या हलक्या लाकडाचे तुकडे बसवतात, वरून प्लास्टिक ताणून हवा खेचून घेतात आणि मग आत रेझिन सोडतात. कापडाला एखादी सुरकुती राहिली, तर पुढे पात्याला तडा तिथूनच जाऊ शकतो. म्हणून माणसं साच्यात गुडघे टेकून तळहाताने कापड सपाट करत जातात, आपल्याकडे उन्हात पापड घालण्याआधी साडी अंथरून सारखी करतात तशी. बघायला फार सुंदर काम आहे, गुरुजी. पण अशी माणसं ठेवणारे कारखाने युरोपात एकामागून एक बंद झाले.

का, तेही ऐका. २०१७ मध्ये जर्मनीने सरकारने ठरवलेला वीजदर बंद करून लिलाव सुरू केले आणि नागरिकांच्या कंपन्यांना हातात परवानगी नसतानाही बोली लावायची मुभा दिली. बोल्या भरपूर लागल्या, यंत्रं मात्र उभी राहिली नाहीत. २०१७ मध्ये जमिनीवर ५ हजार मेगावॉटहून जास्त नवी यंत्रं लागली होती, २०१९ मध्ये जेमतेम हजार. त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या सेनव्हिऑन या पवनचक्की कंपनीचं दिवाळं निघालं. २०२१ मध्ये वेस्टासने लाउखहामरचा, तर २०२२ मध्ये नॉर्डेक्सने रोस्टॉकचा पात्यांचा कारखाना बंद केला. सीमेन्स गमेसाच्या जमिनीवरच्या नव्या यंत्रांत २०२३ मध्ये दोष निघाले आणि शेवटी मूळ कंपनीसमूहाला जर्मन सरकारची ७.५ अब्ज युरोंची हमी घ्यावी लागली.

सेनव्हिऑनचं नाव मुद्दाम घेतलं. तिचं आधीचं नाव आरईपॉवर, आणि २००७ मध्ये ती विकत घेणारी कंपनी होती आपल्या पुण्याची सुझलॉन. तेव्हा पुण्यातल्या इंजिनीअर पोरांची छाती केवढी फुगली होती, ते मी पाहिलंय. कर्जाच्या ओझ्याखाली २०१५ मध्ये ती विकावी लागली, आणि नव्या मालकाकडे चार वर्षांत ती बुडाली. हवेवरचा धंदा आहे, पण हवा सरकारी धोरणाची. कारखान्यात कारकीर्द काढायची, तर हे चढउतार पचवायची तयारी हवी.

मग काम कुठे आहे? सध्या तरी कागदावर, जमिनीवर आणि तारेवर.

जर्मनीने कायदाच केला, की २०३२ पर्यंत देशाची २ टक्के जमीन पवनऊर्जेसाठी राखून ठेवायची. परवानग्यांचा वेग वाढला. २०२४ मध्ये जवळपास १४ हजार मेगावॉटला मंजुरी मिळाली, पण त्या वर्षी उभे राहिले सव्वातीन हजारच. मंजुरी आणि उभारणी यांच्यात जे अंतर आहे, त्यातच पुढच्या काही वर्षांचा रोजगार आहे. जमिनीचे करार, मोजमाप, आवाजाचे आणि सावलीचे हिशेब, पक्ष्यांची पाहणी, रस्ते, क्रेन, पाया, केबल, सबस्टेशन, आणि नंतर वीस-पंचवीस वर्षांची देखभाल.

माझी सांगलीची एक विद्यार्थिनी जर्मनीच्या उत्तर टोकाला श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये असे प्रकल्प उभारणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. तिने एका गावसभेचं वर्णन कळवलं होतं. गावच्या खानावळीमागचा हॉल, चाळीसेक माणसं, कॉफी आणि केक. एक आजीबाई उठून म्हणाल्या, "सकाळी मी चहा करते तेव्हा तुमच्या पात्याची सावली माझ्या ओट्यावर फिरणार का?" हिने नकाशा उघडला आणि सांगितलं, की सावली वर्षाला तीस तास आणि दिवसाला तीस मिनिटं, त्यापुढे गेली तर यंत्र आपोआप थांबतं. आजींनी विचारलं, "कुठली तीस मिनिटं?" त्याचंही उत्तर तिच्याकडे तारीखवार तयार होतं. मग एक शेतकरी उठला. गवत कापलं की उंदीर उघडे पडतात आणि लाल घारी खाली उतरतात, म्हणून कापणीच्या दिवसांत जवळची यंत्रं बंद ठेवावी लागतात. त्याचा प्रश्न होता, की कापणीची खबर आदल्या दिवशी फोनवर दिली तर चालेल ना. घरांना रात्री किती डेसिबल ऐकू येणार, गावाला काय मिळणार, असं दोन तास चाललं. गावाला मिळायचं ते युनिटमागे ०.२ सेंट. वर्षाला दीड कोटी युनिट देणारं एक यंत्र धरलं, तर ३० हजार युरो ग्रामपंचायतीच्या खात्यात. (आपल्या पठारावरच्या गावांच्या वाट्याला काय आलं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक.)

हे सगळं जर्मनमध्ये झालं, तेही गावाकडच्या बोलीत. आणि कन्सल्टंट म्हणतो भाषेची गरज नाही.

आता खुद्द तुमच्या मुलीबद्दल. तिच्या हातात इलेक्ट्रिकल आहे, आणि तोच तिचा हुकमाचा पत्ता. वारा उत्तर जर्मनीत, मोठे कारखाने दक्षिणेत. मधली तार अपुरी, म्हणून जोराचा वारा असताना उत्तरेतली यंत्रं थांबवावी लागतात. त्यावर उपाय म्हणून सुमारे ७०० किलोमीटरची सूडलिंक ही भूमिगत डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) लाइन टाकताहेत. शिवाय आजच्या अनेक यंत्रांत जनरेटरची वीज थेट ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जात नाही. आधी तिचं डीसी होतं, मग इलेक्ट्रॉनिक्सने पुन्हा ग्रिडच्या तालावरचं एसी. कुठे शॉर्ट सर्किट होऊन व्होल्टेज क्षणभर बुडालं, तर यंत्राने ग्रिडची साथ सोडायची नाही, हा नियम आहे, आणि प्रत्येक नव्या प्रकल्पाला तो पाळत असल्याचं सिद्ध करून दाखवावं लागतं. हे गणित मांडणारी माणसं कमी आहेत. पवनऊर्जेला मंदी आली तरी हीच माणसं सोलरला लागतात, बॅटरीला लागतात, वीजमंडळाला लागतात. नावात "विंड" असलेल्या डिग्रीला ती सोय नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पॉवर सिस्टिम्स किंवा पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये मास्टर्स, सरकारी विद्यापीठातून, आणि वारा ऐच्छिक विषयात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी लावली आहे. पवनऊर्जाच शिकायची हा हट्ट कायम असेल, तर जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गचा इंग्रजी अभ्यासक्रम आणि डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ डीटीयू ही खरी नावं आहेत. पण डीटीयूची फी वर्षाला पंधरा हजार युरोंच्या घरात जाते. शिष्यवृत्ती मिळाली तरच तो विचार करा.

खर्चाचं म्हणाल, तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका वर्षाचे पैसे आधी दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये. तो तुमचाच पैसा, दरमहा हप्त्याने तिला मिळतो. वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची परवानगी असते, आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने. त्या अठरा महिन्यांत भाषा नसेल तर कॅलेंडर फार भरभर उलटतं. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस नावाचं, शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्रही लागतं. त्याचा अर्ज वेळेत करा, त्यापायी मुलांची अख्खी सत्रं हुकलेली आहेत.

आणखी एक. पदवी झाल्या झाल्या विमानात बसवू नका. एक-दोन वर्षं इथे काम करू द्या. सुझलॉनचं मुख्यालय पुण्यात हडपसरला आहे, वेस्टासचा कारखाना चेन्नईजवळ आहे. कोइमतूरला झेडएफ पवनचक्क्यांचे गिअरबॉक्स बनवते, आणि तो कारखाना मुळात बेल्जियमच्या हॅन्सेनचा. याच उद्योगाची ही आपल्याकडची टोकं आहेत. सबस्टेशनवर पावसाळ्यात काम केलेली मुलगी मुलाखतीत वेगळंच बोलते. सध्या कॉलेजात असतानाच तिने ग्रिडच्या अभ्यासाचं एखादं सॉफ्टवेअर हाताळावं. पॉवरफॅक्टरी हे जर्मनीत तयार झालेलं आणि तिथे सर्रास चालणारं. कॉलेजात त्याचं लायसन्स नसेल तर प्राध्यापकांच्या मागे लागावं.

टॉवरवर चढण्याबद्दल. "मुलीच्या जातीला" हे शब्द तुम्ही सहज लिहिलेत, रागावू नका, पण ती हे पत्र वाचणार आहे. रोज चढणारे ते देखभालीचे तंत्रज्ञ, आणि त्यांच्यात बायकाही आहेत. इंजिनीअरला कधीमधी चढावं लागतं. त्याआधी जीडब्ल्यूओ या पवनऊर्जा उद्योगाच्या संघटनेचं सुरक्षा प्रशिक्षण होतं. उंचीवरचं काम, आग, प्रथमोपचार, वजन उचलणं, आणि दर दोन वर्षांनी ते पुन्हा. उंच टॉवरमध्ये सहसा लिफ्ट असते. वर एकट्याने कुणी जात नाही. खरी अडचण डोळे फिरण्याची. सज्जनगडाच्या तटावरून ती खाली बघू शकते का, ते तुम्ही जाणता.

पुतण्याचं मात्र मला जास्त सोपं दिसतं. जर्मनीत मेकॅट्रॉनिक किंवा इलेक्ट्रॉनिकच्या साडेतीन वर्षांच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे तिथल्या उमेदवारीला, काम करता करता शिक्षण मिळतं आणि दरमहा विद्यावेतनही. कर्ज नको, जमीन नको, पण जर्मन बी-वन या मधल्या पातळीपर्यंत हवं. उत्तरेकडच्या देखभाल कंपन्यांना अशी माणसं सतत लागतात. कारखाना बंद पडला तरी उभ्या पवनचक्कीला तेल, बोल्ट आणि तपासणी चुकत नाही. घरात हे बोलू नका, पण चुलत बहीण-भावात आधी पगार त्याचाच सुरू होईल असं मला वाटतं.

तर दोघांनाही येत्या महिन्यात जर्मनच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, वर्गात घाला. साताऱ्यात वर्ग जमला नाही तर ऑनलाइन. आणि पुढचं पत्र मुलीने स्वतः लिहावं, सोबत तिच्या पाचही सत्रांच्या गुणपत्रिका जोडाव्यात. पॉवर सिस्टिम्सच्या पेपरात किती पडलेत, ते मला आधी बघायचंय.