देवगडात जर्मन बोलतलो कोण?

प्रश्न : मी देवगड तालुक्यातली. मुंबईत जर्मन घेऊन बी.ए. केलं, बी-टूची (सहा पायऱ्यांतल्या चौथीची) परीक्षाही पास झाले. आता घरी आहे. वडिलांची हापूसची कलमं आहेत. येणारा-जाणारा विचारतो, "देवगडात जर्मन बोलतलो कोण, माडावयलो कावळो?" वडील म्हणतात, बी.एड. करून शाळेत लाग. जर्मन ग्राहकांचं काम करणाऱ्या पुण्यातल्या कंपनीत मैत्रीण बोलावते आहे, पण रात्रपाळी म्हणून आई नको म्हणते. काय करू?

उत्तर : आधी आईचं बघू, ते सोपं आहे. जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. तिथे सकाळी 9 वाजता ऑफिस उघडतं तेव्हा पुण्यात दुपारचा दीड किंवा साडेबारा झालेला असतो. सुटायला रात्रीचे साडेनऊ-दहा होतील, पण रात्रभर जागरण नाही. ते अमेरिकेचं काम करणाऱ्यांच्या नशिबी. काम मात्र रुक्ष आहे हो. बिलं जुळवायची, थकलेल्या पैशांची पत्रं लिहायची. तरी जा. दोन वर्षं फोनवर दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या माणसांचं ऐकलंस की कान असा तयार होतो, जो कुठल्याच क्लासात होत नाही.

शाळेबद्दल वडिलांना सांग, जर्मन शिकवणाऱ्या शाळा पुण्या-मुंबईकडे, आपल्या बाजूला मी तरी पाहिल्या नाहीत. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट ही पात्रता परीक्षा. एम.ए. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात (सगळे त्याला रानडे इन्स्टिट्यूटच म्हणतात) किंवा दिल्लीच्या जेएनयूत होतं. क्लास घेणाऱ्यांना हल्ली विचारणा येते ती नर्सिंगच्या मुलींकडून. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-टू लागते. म्हणजे त्या मुली शिकून पोचणार तिथे तू आज उभी आहेस. त्यांना शिकवायचं तर तुला सी-वन, म्हणजे पुढची पायरी, हवी. ती आधी कर, बाकी नंतर.

भाषांतराचं विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण माझं पोट त्यावर चाललं. पहिला मसुदा आता यंत्र काढतं, आणि शब्दामागचा दर माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. उरतं ते यंत्राची चूक पकडण्याचं काम, आणि चूक पकडायला त्या धंद्यातलं कळावं लागतं. हे मी फार महागात शिकले.

पंचविशीत असताना रत्नागिरीजवळच्या एका पॅकहाउसमध्ये जर्मन व्यापाऱ्यासाठी दुभाषी म्हणून गेले होते. माझे गुण उत्तम, साडी कडक इस्त्रीची. बागायतदाराने एक देखणं फळ उभं कापलं. आत कोयीच्या बाजूला गर पांढरट, भुसभुशीत. तो म्हणाला, "साका आहे." मला साका ठाऊक होता, लहानपणी असं फळ हाती आलं की मी रडायचे. पण जर्मनमध्ये काय म्हणायचं? मी बेधडक सांगितलं, "फाउल." म्हणजे कुजका. पाहुण्याचा चेहराच पडला. फळं कधी उतरवली, पेट्या कशावर रचल्या, शीतगृहाचं तापमान किती, एकामागून एक प्रश्न. बागायतदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. साका झाडावरच धरतो, साठवणीशी त्याचा संबंध नाही, हे मला जर्मनमध्ये समजावता येईना. "श्वामिष", स्पंजासारखा, हा साधा शब्द मला संध्याकाळी एसटीत आठवला. ऑर्डर निम्मी झाली होती.

खुळ्या आशेवर राहू नकोस, कुठलाही निर्यातदार जर्मन येते म्हणून तुला बारा महिने पगार देणार नाही. त्यांची पत्रं इंग्रजीतच जातात. पण 2014 च्या मे महिन्यात फळमाशीवरून युरोपने आपला आंबा थांबवला, ती बंदी उठवायचं 2015 च्या जानेवारीत ठरलं. अशा वेळी पलीकडच्या माणसाशी त्याच्या भाषेत आणि आंब्याच्या भाषेतही बोलू शकणारी व्यक्ती किती जणांकडे होती? मासळीचं तेच. 2010 पासून युरोपला जाणाऱ्या मासळीबरोबर ती कुठल्या बोटीने धरली याचा दाखला जोडावा लागतो. (म्हाकुलं, म्हणजे स्क्विड, जास्त स्पेन-इटलीकडे जातात. स्पॅनिश शिकणाऱ्या वाचकांनी ऐकून ठेवावं.)

माडावयल्या कावळ्याला उत्तर हवं असेल तर पोंभुर्ल्याचं नाव घे. तुझ्याच तालुक्यातलं गाव, बाळशास्त्री जांभेकरांचं. 6 जानेवारी 1832 ला त्यांनी 'दर्पण' काढलं ते मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत.

पुण्याला निघण्याआधी एक काम कर. बाबांबरोबर कलमांत फिर आणि झाडापासून पेटीपर्यंत आंब्याचं काय होतं ते दोन पानं जर्मनमध्ये लिही. झेला, देठ, चीक, अढी, साका, एकही शब्द मराठीत सोडायचा नाही. शब्दकोशात मिळाला नाही तर तीन ओळींत समजावून सांग. मग मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव. लाल पेन घेऊन बसते.