जर्मन गिऱ्हाइकाशी धंदा करायचा तर कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याने आधी काय शिकावं?

तुम्ही लिहिलंय की शिरोली एमआयडीसीत वडिलांची छोटी फाउंड्री आहे, जर्मनीतल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीकडून कास्टिंगची चौकशी आलीय आणि त्यांच्याशी नीट वागता यावं म्हणून तिकडची संस्कृती शिकायची आहे. मी मूळची कोल्हापूरची. बरीच वर्षं स्टुटगार्टजवळ राहते आणि दोन्हीकडच्या लहान कारखान्यांना सल्ला देणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हात कसा मिळवायचा, जेवताना काय बोलायचं, हे एका संध्याकाळी शिकून होतं. त्यात कमीजास्त झालं म्हणून कुणी ऑर्डर काढून घेत नाही. खरा फरक आहे तो विश्वास कशावर टाकायचा यात. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, म्हणजे आपल्या जुन्या कारखान्यांच्या वसाहतीत, आपण माणूस बघून माल देतो. कुणाचा मुलगा, कुणाचा पाव्हणा, मागच्या मंदीत कसा वागला, हे आपल्याला ठाऊक असतं आणि तेवढ्यावर लाखांचा माल एका फोनवर निघतो. या पद्धतीला मी कधीच मागासलेली म्हणणार नाही. ऑइल इंजिनच्या सुट्या भागांपासून आपला फाउंड्रीचा धंदा वाढला तो याच जोरावर. पण माणसं एकमेकांना ओळखतात तिथपर्यंतच ती चालते. तिकडच्या खरेदी अधिकाऱ्याला तुमचे आजोबा माहीत नाहीत आणि दोन वर्षांनी त्या खुर्चीत तो स्वतःही नसेल. त्याच्या जागी येणाऱ्यालाही तुमच्यावर तितकाच भरवसा ठेवता येईल, अशी नोंद त्याला हवी असते.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. गावातल्या दूध संस्थेचा सचिव ओळखीचाच असतो. तरी फॅट मशीनवरच बघतात, चिठ्ठी हातात पडते आणि दहा दिवसांचं बिल त्या आकड्यांवर निघतं. सचिव बदलला तरी दूध घालणं थांबत नाही. तुमच्या फाउंड्रीत प्रत्येक हीटचा (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा) नंबर, त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत काय किती आहे त्याची तपासणी) आणि त्यातून निघालेले जॉब, म्हणजे ओतलेले भाग, यांचा मेळ असाच कागदावर लागला पाहिजे. ते ३.१ सर्टिफिकेट मागतील, म्हणजे ईएन १०२०४ या मानकाप्रमाणे मटेरियलच्या चाचणीचा दाखला. तो ज्या नोंदीवर उभा राहतो ती रोजच्या रोज झालेली असावी. ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेलं रजिस्टर अनुभवी माणसाला शाईवरूनही कळतं.

सगळ्यात जास्त नातं तुटताना मी बघितलंय ते वाईट बातमी उशिरा सांगण्यावरून. फर्नेसचं, म्हणजे भट्टीचं, कॉइल गेलं, चार दिवस धातू वितळवणं बंद. आपला मालक विचार करतो, गिऱ्हाइकाला कशाला काळजीत टाकायचं, रात्रपाळी लावून भरून काढू. त्यात लबाडी नसते, उलट आदरच असतो. पण तिकडे त्या तारखेवर असेंब्लीची माणसं ठरलेली असतात, त्यांच्याही गिऱ्हाइकाला शब्द दिलेला असतो. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर त्यांनी क्रम बदलला असता. कंटेनर सुटायच्या दिवशी कळलं, तर चार दिवसांचा उशीर माफ होतो, लपवलेलं माफ होत नाही. म्हणून बिघाड झाला की त्याच दिवशी मेल लिहा: काय झालं, किती माल अडकला, पुढची खात्रीची तारीख कोणती. ‘लवकरात लवकर’ असं लिहू नका. त्यांच्याकडे त्याचा काहीच अर्थ लागत नाही.

फोनवरचं बोलणं झालं की तिकडून बहुधा एक पत्र येतं, ‘आपलं असं असं ठरलं’ म्हणून. त्यावर लगेच हरकत घेतली नाही तर ते मान्य आहे असं धरायचा जर्मन व्यापाऱ्यांचा जुना रिवाज आहे आणि तिथली कोर्टंही तो मानतात. परदेशी पुरवठादाराला तो कितपत लागू होतो यावर वकील खुशाल भांडोत. तुम्ही मात्र ते वाचून त्याच दिवशी उत्तर द्या. आपल्याकडे गप्प राहणं म्हणजे विचार चालू आहे, हे त्यांना कळत नाही.

करारात जर्मन कायदा लागू असं असेल आणि वेगळं काही लिहिलं नसेल, तर मालविक्रीचा १९८०चा संयुक्त राष्ट्रांचा करार आपोआप आत येतो. भारत त्यात सामील नाही, जर्मनी आहे. त्याप्रमाणे गिऱ्हाइकाने दोष वाजवी मुदतीत कळवायचा असतो, पण कास्टिंगमधला ब्लोहोल (आत अडकलेल्या वायूने पडलेली पोकळी) मशीनिंग करतानाच उघडा पडतो. तेव्हा नुसतं कास्टिंग बदलून द्यायचं की त्यांच्या मशीनिंगचा खर्चही तुम्ही सोसायचा, हे आधी लिहून घ्या. तिकडच्या मशीनिंगचा तासाचा दर बघता तो खर्च तुमच्या कास्टिंगच्या किमतीच्या पुढे सहज जातो. वाद लवादाकडे, म्हणजे कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या पंचाकडे, नेण्याचं कलमही घाला. जर्मन कोर्टाचा निकाल भारतात किंवा भारतातला तिकडे थेट अंमलात येत नाही. लवादाचा निवाडा मात्र १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे दोन्ही देशांत राबवता येतो.

आता कारभाराचं. पुष्कळ मालकांना हा विषय मोठ्या कंपन्यांचा वाटतो. जर्मनीत २०२३पासून पुरवठा साखळीचा कायदा आहे, म्हणजे माल पुरवणाऱ्यांकडे कामगारांना नीट वागवतात का हे कंपनीने बघायचं. आधी तो ३,००० कामगारांच्या वरच्या कंपन्यांना होता, २०२४पासून १,००० च्या वरच्यांना. तुमचं गिऱ्हाईक लहान असलं तरी ते ज्यांना पंप विकतं ते मोठे असतात, आणि प्रश्नावली खाली खाली येत तुमच्या टेबलावर पोचते. फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या) कामावरच्या कंत्राटी मुलांच्या वयाचे पुरावे आहेत का, ओव्हरटाइम कसा मोजता, धुळीसाठी मास्क कुणाला देता. आणखी एक प्रश्न येतो, त्यावर आपली माणसं अडखळतात: मालक महिनाभर दवाखान्यात असले तर निर्णय कोण घेणार? प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात. आपल्याकडे दुसरं नाव बऱ्याचदा बायकोचं किंवा आईचं असतं आणि त्यांना सहीपलीकडे काही सांगितलेलं नसतं. मला हे मनापासून खुपतं. तुमच्या आई संचालक असतील तर त्यांना ताळेबंद समजावून सांगा, बँकेत घेऊन जा. घरचा खर्च आणि धंद्याचं खातं वेगळं करण्याची सुरुवात बहुतेक त्याच करून देतील.

तिकडे आलेले आपले उद्योजक मशीन बघून भारावून जातात. मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते हे की पाच कामगार असलेल्या ठिकाणीही तिथे कामगारांना आपली समिती निवडता येते, आणि १९७६च्या कायद्याने २,००० वरच्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या बाजूच्या असतात. साचा कुठे बिघडतोय हे मोल्डरला, म्हणजे साचा बनवणाऱ्या कामगाराला, आधी कळतं. तो बोलला की रिजेक्शन उतरतं, हे शिरोलीतही मी पाहिलंय.

याचा अर्थ तिकडचं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असा नाही. कामगारांच्या सुरक्षेची प्रश्नावली पाठवणाऱ्या कंपनीचाच खरेदी विभाग त्याच आठवड्यात दर पाडून मागतो. हे अन्यायाचं आहे आणि तसं त्यांना नम्रपणे, आकड्यांसकट सांगावं. मास्क, धूळ खेचणारी यंत्रणा, चाचण्या यांचा खर्च दरात वेगळा दाखवा. आपल्या २००६च्या एमएसएमई कायद्यातली ४५ दिवसांची मुदत परदेशी गिऱ्हाइकाकडून वसुलीला फारशी कामाला येत नाही. पैशांच्या अटी करारात ठरवा आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, निर्यातीचे पैसे बुडण्यावरचा विमा काढा.

कागद कमजोराच्याही कामाला येतो हे कोल्हापूरने अलीकडेच पाहिलं. २०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी २०१९मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन (हे नाव त्याच भागातल्या मालाचं, अशी सरकारी नोंद) हाताशी होतं. ते भारताबाहेर चालत नाही, तरी कारागिरांच्या बाजूने बोलायला दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं नोंदणीकृत हक्कदार म्हणून उभी होती आणि डिसेंबरात करार झाला तो त्यांच्याशीच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ड्रॉइंग आलं की लगेच पॅटर्नवाल्याकडे (ज्यावरून साचे निघतात तो नमुना बनवणाऱ्याकडे) धावू नका. पॅटर्नचे पैसे कोण देणार, तो कुणाच्या मालकीचा, किती साच्यांनंतर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, आणि ऑर्डर थांबली तर किती वर्षं सांभाळायचा, एवढं त्यांच्याकडून आधी लेखी मागवा. मजकूर आला की इथेच टाका, पण कंपनीचं नाव आणि दर झाकून. मी वाचून सांगते.