तीस सेकंदांत पाऊणकी

तुम्ही विचारलंय, नऊ अक्षरांतून मोठ्यात मोठा शब्द काढायचा आणि सहा आकड्यांतून ठरलेली संख्या गाठायची, असे घड्याळ लावून खेळायचे खेळ मराठीत जमतात का. आणि पुढे लिहिलंय की तीस सेकंदांत डोकं बंदच पडतं, त्याला काय करावं.

जमतात. आकड्यांचा खेळ तर मराठीत इंग्रजीपेक्षा सोपा जातो, असं मी अनुभवाने सांगते. अक्षरांच्या खेळाला मात्र आपले नियम करून घ्यावे लागतात.

मी बेळगावात शहापूरला राहते, घरीच गणिताची शिकवणी घेते. मुलं सगळ्या माध्यमांची असतात. एकाच सतरंजीवर मराठी शाळेतला, कन्नड शाळेतला आणि इंग्रजी माध्यमातला असे तिघे शेजारी बसलेले असतात. शनिवारी शेवटचा अर्धा तास या खेळाचा, आणि त्या दिवशी कुणी सुट्टी मागत नाही.

मूळ खेळ फ्रान्समधल्या टीव्हीवरचा. १९६५ मध्ये तो नुसता शब्दांचा होता, १९७२ मध्ये त्याला आकडे जोडले. ब्रिटनमध्ये तो 'काउंटडाउन' या नावाने आला आणि २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोर सुरू झालं तेव्हा त्यावरचा पहिलाच कार्यक्रम हा होता. आकड्यांचा नियम असा: मोठ्या चिठ्ठ्या चार, २५, ५०, ७५ आणि १००. लहान चिठ्ठ्या वीस, १ ते १० प्रत्येकी दोनदा. त्यांतून सहा उचलायच्या, तीन अंकी आकडा जाहीर करायचा, आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून तीस सेकंदांत तो गाठायचा. एक चिठ्ठी एकदाच, आणि मध्ये कुठेही अपूर्णांक येऊ द्यायचा नाही. नेमकं उत्तर आलं तर १० गुण, पाचाच्या आत चुकलं तर ७, दहाच्या आत चुकलं तर ५.

आता त्या मोठ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचा. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, एक.

माझं माहेर निपाणीचं. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. संध्याकाळी दिवे लागले की शुभं करोति व्हायचं आणि मग परवचा. त्यात नुसते तीसपर्यंतचे पाढे नव्हते, पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी, औटकी सगळं असायचं. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. वडील बोटं न हलवता म्हणायचे, "सात पाऊण सव्वापाच, आठ पाऊण सहा, नऊ पाऊण पावणेसात," आणि आम्ही भावंडं मागून ओढत जायचो. तेव्हा वाटायचं, हे कशाला? शाळेत तर कुणी विचारत नाही. चाळीस वर्षांनी या खेळाची चिठ्ठी हातात घेतली तेव्हा कळलं, पाऊणकी म्हणजे ७५ चाच पाढा. नऊ पाऊण पावणेसात, म्हणून नऊ गुणिले ७५ म्हणजे पावणेसातशे, ६७५. हातचा नाही, कागद नाही. आणि पावणेसातशे हा शब्द आपण बाजारात रोज वापरतोच!

म्हणून पहिली सवय ही लावा. आकडा जाहीर झाला की तो पावशेकड्याच्या, म्हणजे पंचवीसच्या पटींच्या भाषेत वाचा. ८३१ दिसला की 'सव्वाआठशे आणि सहा'. ६६८ दिसला की 'पावणेसातशेला सात कमी'. कुठलाही आकडा जवळच्या पावशेकड्यापासून जास्तीत जास्त बाराने दूर असतो, त्यामुळे निम्मं काम तिथेच होतं. मग फक्त एवढंच शोधायचं की सव्वाआठशेत पाऊण किती. अकरा पाऊण सव्वाआठ. लहान चिठ्ठ्यांतून अकरा करायचे, बस.

मागच्या महिन्यातला एक डाव जसाच्या तसा सांगते. चिठ्ठ्या आल्या ७५, ५०, ८, ५, ३, २. गाठायचा आकडा ९७६. इंग्रजी माध्यमाची मुलगी ५० ला २० ने गुणायच्या मागे लागली, वीस काही होईनात. माझी मुलगी दोन-तीन सेकंद गप्प बसली आणि ओठांत पुटपुटली, "तेरा पाऊण पावणेदहा." ८ आणि ५ चे तेरा, तेरा गुणिले ७५ म्हणजे ९७५. त्यात ३ मिळवले, २ काढले. ५० ची चिठ्ठी तशीच पडून राहिली. घड्याळात अजून अठरा सेकंद बाकी होते. मला तेव्हा वडिलांची फार आठवण आली.

ब्रिटनमधल्या त्या कार्यक्रमातला एक डाव जगभर गाजलेला आहे. चिठ्ठ्या २५, ५०, ७५, १००, ३, ६ आणि आकडा ९५२. स्पर्धकाने १०० आणि ६ चे १०६ केले, त्याला ३ ने गुणून ३१८, त्याला ७५ ने गुणून २३,८५०, त्यातून ५० वजा करून २३,८०० आणि शेवटी २५ ने भागून ९५२! हे तीस सेकंदांत आणि तोंडी. त्या माणसाला मी हात जोडते. पण दीडकी येणाऱ्याला हाच आकडा जवळच्या वाटेने मिळतो. ७५ आणि ५० समोर दिसले की ७५ हे ५० च्या दीडपट आहेत हे आपल्याला शिकवावं लागत नाही. सहा दीड नऊ. अपूर्णांक चालत नाही म्हणून आधी ६ गुणिले ७५ करायचे, ४५०, मग ५० ने भागायचे, ९. तिकडे १०० आणि ३ चे १०३. १०३ नव्वे ९२७. उरलेले २५ मिळवले की ९५२. मी शिकवणीत हे फळ्यावर मांडलं तेव्हा मुलांनी ते तीनदा करून घेतलं.

मोठी चिठ्ठी एकही नसेल तर हे सगळं चालत नाही. तेव्हा नुसते गुणाकार जुळवत बसावं लागतं, तिथे माझ्याकडे काही युक्ती नाही.

दुसरी अडचण मराठी माणसालाच येते. आपण पंचवीस म्हणतो, आधी पाच आणि मग वीस. ऐकलेला आकडा घाईत लिहिताना उलटतो. माझ्याकडची मुलं सत्तावन्न ऐकून ७५ लिहितात, आणि एकदा आकडा चुकला की तीस सेकंद वाया. शेजारचा कन्नड मुलगा या बाबतीत कधी चुकत नाही. कन्नडमध्ये पंचवीसला इप्पत्तैदु, वीस आणि पाच, लिहायच्या क्रमानेच. एकोणऐंशी म्हणजे एप्पत्तोंबत्तु, सत्तर आणि नऊ. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. आमच्याकडे कर्नाटकाचा अभ्यासक्रम, ते पुस्तक आमच्या मुलांच्या दप्तरात नव्हतं, पण वाद आमच्या गल्लीतही झाला. मला स्वतःला 'एकोण' घालवायचं नाही. एकोणऐंशी म्हटलं की ऐंशीला एक कमी, हे शब्दातच आलं, आणि या खेळात एक काढायचा की मिळवायचा हेच तर बघायचं असतं. म्हणून आम्ही आकडा दोनदा सांगतो, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. कन्नड ऐकून लिहायचा, मराठी ऐकून फोडायचा. तुमच्याकडे कन्नड येणारं कुणी नसेल तर एक-एक अंक सुटा सांगा, सहा-सात-नऊ, तेवढं पुरतं.

आता अक्षरं. इथे आम्ही दोनदा आपटलो. लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून चिठ्ठ्या केल्या. पहिल्यांदा काना, मात्रा, वेलांटी, उकार यांच्याही वेगळ्या चिठ्ठ्या ठेवल्या. नऊ उचलल्या की त्यात चार नुसत्या वेलांट्या यायच्या, आणि शब्द व्हायचा दोन अक्षरांचा. मग उलट केलं, पूर्ण अक्षरं लिहिली, का, की, स्त्री, प्र. ती तर कुठेच बसेनात. शेवटी ठरलं ते असं: चिठ्ठीवर फक्त व्यंजन. स्वर, मात्रा, अनुस्वार फुकट, हवे तिथे लावा. जोडाक्षराला दोन चिठ्ठ्या खर्च होतात, आणि जेवढ्या चिठ्ठ्या वापरल्या तेवढे गुण. क, र, त, न, स, ल जास्त ठेवायच्या, झ, ठ, ढ एकेक, ङ आणि ञ काढूनच टाकायच्या.

परवा आलेली अक्षरं: क, र, म, ण, क, स, त, ल, व. मुलांनी लवकर, कसरत, सवलत, करामत भराभर काढले, सगळे चारचे. पाचाचा कुणाला मिळेना. मी म्हटलं, ण आणि क एकत्र दिसतायत, शेवट आधी लावून बघा. "णूक!" एकजण ओरडला, आणि मग धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. करमणूक, मिरवणूक, सतावणूक, वर्तणूक. वर्तणुकीतला र्त जोडाक्षर म्हणून दोन चिठ्ठ्यांचा, तोही पाचाचाच. शब्द न सुचण्यावर माझ्याकडे हाच एक खात्रीचा उपाय आहे, शेपटीपासून बघायचं. ण-क असेल तर णूक, द-र असेल तर दार, प-ण असेल तर पणा.

विभक्तीचे प्रत्यय अजिबात चालू देऊ नका. ल, त, स हाताशी असले की प्रत्येक नामाला ला, त, स चिकटवून मुलं गुण लुटतात. शब्द आहे की नाही यावर भांडण झालं की मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश बघतो, १८५७ ची आवृत्ती फोनवर फुकट शोधता येते.

या नियमांचा एक फायदा आम्ही मुद्दाम योजलेला नव्हता. त्याच चिठ्ठ्यांवर कन्नडही खेळता येतं. वर्णमालेची घडण तीच, मात्रा तशाच, जोडाक्षरं तशीच, ळ सुद्धा आहे. शेजारचा मुलगा हिंदीच्या तासाला देवनागरी शिकलेला. त्याने एकदा ब, ळ, क अशा तीन चिठ्ठ्या सरकवल्या आणि म्हणाला, "बेळकु, म्हणजे उजेड." तेव्हापासून एक डाव मराठीत, एक कन्नडमध्ये. कन्नडच्या डावात माझी मुलगी हरते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून चार शब्द शिकून येते.

राहिलं तुमचं डोकं बंद पडणं. घड्याळाचा आवाज बंद करा, आधी हे करा. आमच्याकडे फोन टिकटिकत होता तेव्हा दोन मुलं रडकुंडीला आली होती, आवाज काढला आणि तीच मुलं खेळायला लागली. सुरुवातीला तीसऐवजी नव्वद सेकंद घ्या, आठवड्याला दहा सेकंद कमी करत चला. आणि पहिले पाच सेकंद पेन खाली ठेवा. आकडा नुसता मनात वाचा, पावशेकड्यात. घाईत पहिला गुणाकार लिहून टाकला की माणूस त्यालाच धरून बसतो, तो सोडवत नाही.

पावकी-पाऊणकी येत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. रोज एकच पाढा, संध्याकाळी, मोठ्याने.

आजच्यासाठी हा एक घ्या. चिठ्ठ्या ७५, २५, ९, ७, ४, १. आकडा ८१७. सव्वाआठशेपासून सुरुवात करा.