फ्लॅट विकून निघायचं का?

तुम्ही विचारलंय: कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात आहे, तिथल्या किचनरला नोकरीचं जवळजवळ ठरलंय, मुलगी पाचवीत, आईवडील साताऱ्याला. पुण्यातला फ्लॅट विकून कायमचं निघावं, की ठेवून 'बघू या' म्हणत निघावं? आणि तिकडे एकटं वाटतं का? फिया, आईवडिलांच्या सुपर व्हिसाच्या (लांब मुक्कामाच्या व्हिसाच्या) अटी सरकारी साइटवर आहेत, त्या मी सांगत बसत नाही. मी याच गावात राहते. फ्लॅटचं वाचलं आणि रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून लिहितेय.

आम्ही आलो तेव्हा एका जर्मन आजीच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. सगळी गल्ली तिला ओमा, म्हणजे जर्मनमध्ये आजी, म्हणायची, मग आम्हीही. किचनरमध्ये अशा ओमा पुष्कळ होत्या. हे गाव 1916 पर्यंत बर्लिन होतं. पहिल्या महायुद्धात मतदान घेऊन नाव बदललं, आणि ज्या लॉर्ड किचनरचं दिलं तो 1902 ते 1909 आपल्याकडे सरसेनापती होता. म्हणजे लांबून ओळखीचाच निघाला.

ओमा 1930 ची, तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊजवळच्या खेड्यातली. दुसरं महायुद्ध संपलं आणि तिचा सायलेशिया प्रांत पोलंडकडे गेला. 1946 मध्ये तिच्या घरच्यांना हाताला झेपेल तेवढं घेऊन मालगाडीत बसवलं आणि ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जर्मनीत नेऊन सोडलं. तिथल्या लोकांनाही हे निर्वासित नकोसेच होते. तिनं काही वर्षं गिरणीत काढली. जर्मनांना यायला कॅनडाची बंदी होती, ती 1950 मध्ये उठली. 1953 मध्ये ही घरकामाचा वर्षभराचा करार करून ब्रेमरहाफेनहून बोटीत बसली. तिकिटाचे पैसे कॅनडा सरकारनं उसने दिलेले, ते पगारातून फेडले. पुढे शर्टाच्या कारखान्यात शिवणकाम, लग्न, तीन मुलं, नव्वदी आली तरी परसात बटाटे लावणं चालूच.

सत्तरच्या दशकात ती आपलं गाव बघायला गेली होती. तिच्या घरात एक पोलिश बाई राहत होती. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ती म्हणाली, आम्हालाही ल्वूफहून असंच उठवून इथे आणलं. ल्वूफ तेव्हा सोव्हिएत झालं होतं, आता युक्रेनमध्ये आहे. बाईनं चहा दिला, ओमानं तो प्याला, नाशपातीचं झाड अजून आहे हे बघितलं आणि परत आली. मला म्हणाली, त्यानंतर परत जायचा विचार कधी मनातच आला नाही.

खरं सांगू? मला हेवा वाटला. जिचं गाव गेलं, घर गेलं, तिचा हेवा करणं बरं नाही, कळतं मला. पण तिचा रस्ताच बंद होता, म्हणून ती इथे राहिली ती पूर्ण राहिली. माझा नाशिकचा, गंगापूर रोडवरचा फ्लॅट कुलूप लावून ठेवलेला आहे. मेंटेनन्स भरतोय, पावसाळ्यात ओल येते का ते भाऊ बघून येतो, गेले की मी नवीन चादरी नेऊन कपाटात रचते. कोणासाठी, विचारू नका. दर दिवाळीला आम्ही दोघं बोलतो, विकून टाकू. दर दिवाळीला ठरतं, पुढच्या वर्षी.

आता कागदपत्रं. तुमचं एक वेळ निभावेल, बायकोचं बघा. माझी डिग्री माहेरच्या नावावर, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टावर नवऱ्याचं नाव मधे, आडनाव सासरचं. शिक्षणाची पडताळणी करणाऱ्यांच्या लेखी या दोन वेगळ्या बाया. लग्नाचा दाखला दिला तर म्हणे तो मराठीत आहे, भाषांतर आणा. भाषांतर दिलं तर स्पेलिंग वेगळं. विद्यापीठातल्या खिडकीवर माझ्या म्हाताऱ्या वडिलांनी किती खेपा घातल्या ते आठवलं की अजून डोकं तापतं. वर इथल्या दवाखान्यात पासपोर्टवरचं पहिलं आणि मधलं नाव जोडून मोठ्यानं पुकारतात, म्हणजे चारचौघांत नवऱ्याच्या नावानं हाक!

ओमाला हे सांगितलं तर ती हसत सुटली. तिच्या जन्माची नोंद ज्या गावात, तो देशच बदललेला. गिरणीतल्या वर्षांची चिमूटभर जर्मन पेन्शन तिला यायची, आणि त्यासाठी दरवर्षी आपण जिवंत आहोत असा फॉर्म सही-शिक्क्यानिशी पाठवावा लागे. माझे वडील नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातात, तसंच. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा तिचं जर्मन नागरिकत्व गेलं. आपलंही जातं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मिळतं, पण त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते. जर्मनीनं जून 2024 मध्ये कायदा बदलून दोन्ही नागरिकत्वं ठेवायची मुभा दिली. ओमा त्याआधीच, 2023 मध्ये गेली.

मुलीची शाळा. इथे, म्हणजे ऑन्टॅरिओ प्रांतात, इयत्ता जन्मसालावरून ठरते, भारतात काय शिकली यावरून नाही. आमचा मुलगा डिसेंबरचा, वर्गात सगळ्यांत लहान. नाशिकला तीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणणारा पोरगा इथे गप्प झाला. वर शाळेतून सुचवलं की घरी इंग्रजीच बोला, म्हणजे मोकळा होईल. मी 'थँक यू' म्हणून उठले आणि पार्किंगमध्ये रडले, रागानं. ओमा म्हणाली, ऐकू नकोस. ती स्वतः पन्नासच्या दशकात बसमध्ये मुलांशी जर्मन बोलायला घाबरायची, लोक वळून बघत. मुलांचं जर्मन 'गुटे नाख्ट' (शुभ रात्री) एवढ्यापुरतं उरलं. आमच्या घरी मराठीच राहिली. पोरगा आता माझ्याशी मराठीत भांडतो, पण वाचत नाही. आजोबांचे मेसेज मला वाचून दाखवावे लागतात.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. फेब्रुवारीत जास्त. बर्फ काढायला बाहेर पडा, शेजारी भेटतात. पुढे.

फ्लॅटचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं म्हणेन, विकणार नसाल तर कुलूप लावू नका, भाड्यानं द्या. भाडं एनआरओ खात्यात (भारतातल्या उत्पन्नासाठी एनआरआयनं ठेवायचं बँक खातं) घ्या, आणि एनआरआय मालकाच्या भाड्यावर भाडेकरूलाच टीडीएस कापावा लागतो हे त्याला करार करतानाच सांगा, नाहीतर नंतर कटकट होते. बायकोच्या डिग्रीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव आजच शेजारी ठेवून बघा. मुलीची जन्मतारीख कळवा, कोणत्या इयत्तेत बसवतील ते सांगते.