मराठीत लिहून घर चालतं का? नावाचं काम आणि दामाचं काम

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत खासगी बँकेत नोकरी आहे, दिवाळी अंकांत कथा छापून येतात, आता राजीनामा देऊन पूर्णवेळ फ्रीलान्स लेखन करायचं, तर महिन्याला चाळीसेक हजार सुटतील का?

सुटतात. पण कथांमधून सुटत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. या धंद्यात नावाचं काम वेगळं आणि दामाचं वेगळं. दोन्ही करावीत, फक्त कुठलं काम कुठल्या खात्यात जमा होतंय याचा घोळ घालू नये.

दिवाळी अंक हे नावाचं खातं. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला वाचक भेटतो तो बऱ्याचदा इथेच. पण अंक उभा असतो जाहिरातींवर. मजकूर जून-जुलैत मागतात, अंक दिवाळीच्या तोंडावर येतो आणि जाहिरातींचे पैसे वसूल झाले की मग मानधनाकडे बघतात. वेळेवर, सन्मानाने देणारे संपादक आहेत. नुसती प्रत पाठवून गप्प बसणारेही आहेत. कथा जरूर लिहा, घरभाडं मात्र त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

दामाचं काम म्हणजे भाषांतर, सबटायटल, ऑडिओ मालिकांच्या संहिता, अ‍ॅपमधला मजकूर. यातलं बरंचसं एजन्सींमार्फत येतं आणि सांगलीत बसून करता येतं. भाषांतराला दर शब्दावर. तो मूळ इंग्रजी शब्दांवर मोजणार की तुमच्या मराठी शब्दांवर, हे आधी विचारा. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे मराठीत शब्द कमी भरतात आणि बिल तेवढं उतरतं. सबटायटलला दर मिनिटावर असतो. ते मिनिट कार्यक्रमाचं, तुमच्या कामाचं नव्हे. हो म्हणण्याआधी दहा मिनिटांचा तुकडा घड्याळ लावून करून बघा, म्हणजे दिवसाला किती रुपये पडतात ते कळेल.

तुमचं खरं भांडवल मात्र कथा नाही, बँक आहे. बरं मराठी लिहिणारे एजन्सीकडे पुष्कळ असतात. मालतारण (तारण माल बँकेच्या ताब्यात) आणि नजरगहाण (तारण माल कर्जदाराकडेच) यांतला फरक कळणारे फार थोडे. कर्जाची मंजुरीपत्रं, विम्याची माहितीपत्रकं, म्युच्युअल फंडाचे खुलासे यांचं मराठी आज कसं असतं ते तुम्ही रोज काउंटरवर बघता. नमुना म्हणून अशीच दोन पानं सोप्या मराठीत करून ठेवा. चाचणी म्हणून कुणी दोन-तीनशे शब्द फुकट मागितले तर द्यावेत; अख्खं माहितीपत्रक मागितलं तर ती चाचणी नव्हे.

दुसरं एक काम तुमच्या भागात भरपूर आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही: शब्दांकन. साखर कारखान्याचे माजी अध्यक्ष, जुने डॉक्टर, शिक्षणसंस्थेचे संस्थापक, पंच्याहत्तरी आली की गौरवग्रंथ किंवा आत्मचरित्र निघतंच. म्हातारबुवा तासन्‌तास बोलतात, तुम्ही रेकॉर्ड करता, लिहून काढता. मग पहिला खर्डा घरात फिरतो आणि खरी गंमत सुरू होते. धाकट्या भावाबरोबरच्या वाटणीचं प्रकरण सूनबाई काढायला लावतात, आबा ते परत घालायला लावतात, मुलगा म्हणतो निवडणूक जवळ आहे, पराभवाचं प्रकरण जरा सौम्य करा. दुरुस्त्यांच्या फेऱ्या ठरवून घेतल्या नसतील तर हे काम वर्षभर हलत नाही. म्हणून फोनवर बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मेल टाकायचा:

“आज ठरल्याप्रमाणे: सुमारे 40,000 शब्द, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, पुढच्या प्रत्येक फेरीला वेगळं शुल्क, एक तृतीयांश रक्कम सुरुवातीला, एक तृतीयांश पहिल्या खर्ड्याला, उरलेली मजकूर छपाईला जाण्याआधी, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर ‘शब्दांकन’ म्हणून नाव. बरोबर असल्यास ‘मान्य’ एवढं कळवावं.”

यात शेवटचा हप्ता छपाईआधी आहे, तो मुद्दाम. प्रकाशन समारंभात शाल आणि श्रीफळ मिळतं, त्यानंतर तुमचा फोन कुणी उचलत नाही. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या संस्थेने माझं शेवटचं बिल पुढच्या संचालक मंडळावर ढकललं होतं. नवं मंडळ विरोधी पॅनेलचं निघालं.

कायदा तसा आपल्या बाजूला आहे, वापरत कुणी नाही. नोकरीत लिहिलं तर, वेगळा करार नसल्यास, हक्क मालकाचे. स्वतंत्रपणे लिहिलं तर कॉपीराइटचे पहिले मालक तुम्ही. हक्क द्यायचे तर लेखी लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून मानधनाची पावती सहीला आली की खालची बारीक अक्षरं वाचा. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली तर तिथेच बोला.

उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) करून घ्या, आणि काम घेण्याआधीच. पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की काम स्वीकारल्यावर, करारात मुदत नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणं ग्राहकावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागतं. मी कधी तक्रारीपर्यंत गेलेलो नाही; बिलावर उद्यम क्रमांक छापल्यावर अकाउंट्सवाल्यांचा सूर बदलतो, एवढं खरं.

टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून घ्यायचा आयकर, बँकेतल्या तुम्हाला मी काय सांगणार. एका ग्राहकाकडून वर्षाला 50,000 च्या वर गेलं की व्यावसायिक शुल्कावर 10 टक्के कापतात, तेव्हा हातात येणारा आकडा त्या हिशेबाने धरा. वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेतो जीएसटी डोक्यात आणू नका.

टंकलेखनाचं एकच: इन्स्क्रिप्टवर (देवनागरीच्या प्रमाणित कीबोर्डवर) हात बसवा, मजकूर युनिकोडमध्येच द्या. प्रेसला श्रीलिपी (युनिकोडच्या आधीचे छपाईचे फॉन्ट) हवी असेल तर रूपांतर त्यांनी करावं, आणि त्यात मोडलेली जोडाक्षरं तपासायचं मुद्रितशोधन बिलात वेगळं लावा.

आता राजीनामा. तो आज देऊ नका. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी बँकेच्या परवानगीने दोन एजन्सींची कामं सुरू करा (बाहेरच्या कामाबद्दल नियुक्तीपत्रात काय लिहिलंय ते आधी बघा). तीच कामं न मागता परत यायला लागली आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला की मग विचार करा. बँकेचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पण बँकेचा गट विमा ज्या कंपनीचा, तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते. एचआरकडे त्याची चौकशी नोटीस देण्याच्या आधी करा, नंतर नको.